नवी ऑटोमॅटिक गाडी, घाटातला जुना हात आणि दोन पिलरमधली जागा: गंगापूर रोडवरच्या एका पार्किंगचं प्रकरण

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नवीकोरी गाडी रिव्हर्स लावताना एक स्कूटर पडली, ती शेजारच्या बाईकवर आडवी झाली आणि त्याच झटक्यात गाडीचा मागचा डावा दरवाजा पिलरला घासत गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पैशात बघितलं तर सगळं मिळून तेवीस हजारांच्या आसपास नुकसान. तरी मी हे सविस्तर लिहून काढतोय, कारण सोसायटीचं काम बघत असल्यामुळे सीसीटीव्हीचं फुटेज माझ्याकडे आहे, दोन्ही बाजूंशी बोलणंही मीच केलंय, आणि असलं पार्किंग काही आमच्याकडेच नाहीये, नाशिकमध्ये गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या, बिल्डिंगच्या पोटाखाली तसेच पिलर, तशाच मापाच्या जागा, आणि गाड्या मात्र दरवर्षी रुंद होत चालल्यात.

आधी माणसं सांगतो, नावं देत नाही. गाडी घेतली तिसऱ्या मजल्यावरच्या भाच्याने. भाचा म्हणतोय कारण गाडी चालवत होते त्याचे मामा, निफाडकडचे द्राक्षबागायतदार, अठ्ठावन्न-साठ वय, बिल्डिंगमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणतात. स्कूटर दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंची, त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची त्यांची ड्यूटी होती. बाईक एका पाहुण्यांची. आणि वॉचमनकाका, जे या सगळ्यात एकटे वेळेवर बोलले होते.

जागा कशी आहे

गेटमधून आत आलं की सरळ पॅसेज, डाव्या हाताला पिलरांच्या मधे गाड्यांचे स्लॉट, उजव्या हाताला कंपाउंडची भिंत. स्लॉट अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत कारसाठी जे माप दिलंय तेच, बिल्डरने काही चोरलेलं नाहीये. पण अडीच मीटरमध्ये एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंदीची गाडी घातली की दोन्ही बाजूला पस्तीस-पस्तीस सेंटिमीटर उरतात, त्यात आरसे बाहेर आलेले. पॅसेज कागदावर पाच मीटरचा. प्रत्यक्षात भिंतीला टेकवून तिरक्या लावलेल्या टू व्हीलर सव्वा मीटर खातात. दसऱ्याला पाहुणे आलेले, त्यामुळे रांग नेहमीपेक्षा लांब होती आणि भाच्याच्या स्लॉटच्या बरोब्बर समोर, जिथे एरवी मोकळं असतं, तिथे ताईंची स्कूटर आणि ती बाईक उभी होती. म्हणजे गाडी वळवायला हातात राहिले पावणेचार मीटर.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामा

मामांना गाडी येत नाही असं कुणी म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. तीस वर्षं त्यांनी पिकअप चालवलीय, सीझनमध्ये माल भरून रात्री निघायचं, कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशी मार्केटला पोचायचं. पावसात, धुक्यात, पुढे कंटेनर मागे कंटेनर. आजपर्यंत एकही ॲक्सिडेंट नाही. घरातल्या कुठल्याही लांबच्या प्रवासाला स्टिअरिंगवर मामाच, आणि बाकीचे निवांत झोपतात, इतका विश्वास.

भाच्याने गाडी घेतली ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ऑटोमॅटिक. सकाळी शोरूममधून डिलिव्हरी, तिथून आनंदवलीला नवश्या गणपतीला नेऊन पूजा, बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, सगळं यथासांग. येताना गंगापूर रोडला सणाची गर्दी होती म्हणून भाचा जरा घाबरत घाबरत चालवत होता, तर मामांनी मधेच चावी घेतली. गर्दीतून त्यांनी गाडी छान आणली, अगदी मोकळेपणाने. बिल्डिंगच्या गेटशी येईपर्यंत नवीन गाडीवर त्यांचा हात बसल्यासारखं सगळ्यांनाच वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. मला वाटतं घोळ खरा इथेच झाला, पार्किंगच्याही आधी.

गेटपाशी काय बोलणं झालं ते तिघांनीही मला सारखंच सांगितलं. भाचा म्हणाला, "मामा, राहू द्या, आत्ता बाहेरच लावू, संध्याकाळी गर्दी कमी झाली की आत घेऊ." मामा म्हणाले, "अरे, वाशीला रात्री दोन ट्रकच्या मधे गाडी घातलीय मी, तू नको टेन्शन घेऊ." वॉचमनकाका पुढे आले, "मामा, मी मागून बघतो, तुम्ही सावकाश घ्या." त्यावर मामा म्हणाले, "तू बाजूला हो बाबा, कॅमेऱ्यात सगळं दिसतंय." मामी, भाचेसून, दोन शेजारी, सगळे पार्किंगमध्ये उभे, कुणाच्या हातात आरतीचं ताट, कुणाचा मोबाईल व्हिडिओवर. एवढ्या लोकांसमोर, घरातला सगळ्यात अनुभवी ड्रायव्हर म्हणून नाव असताना, खाली उतरून जागा बघून येणं मामांना जड गेलं असणार. पण ते उतरले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

अकरा सेकंद

फुटेजवर वेळ दुपारची १:४२. गाडी स्लॉटच्या थोडी पुढे जाऊन थांबते. रिव्हर्सचा दिवा लागतो. मामा स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवतात आणि एका दमात मागे यायला लागतात. नजर डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर, मान वर नाही. मागचा भाग एकदम सुरेख वळतोय, दोन पिलरच्या बरोबर मधे निघालाय, खरंच सांगतो, नुसतं मागून बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही. पाचव्या सेकंदाला गाडीच्या पुढचा उजवा कोपरा ताईंच्या स्कूटरच्या हँडलला लागतो. स्कूटर स्टँडवरून कलते, बाईकवर पडते.

आवाज झाल्यावर मामा दचकून उजवीकडे बघतात. आणि गाडी थांबत नाही. ती तशीच, तितक्याच संथपणे मागे सरकत राहते, लोक ओरडतायत "थांबा थांबा", आणि मागचा डावा दरवाजा पिलरच्या कडेला टेकून करकरत साधारण हातभर घासत जातो. अकराव्या सेकंदाला ब्रेक लाइट लागतो.

मधले ते सेकंद गाडी का थांबली नाही हे मला आधी कळेना. मामांनीच नंतर सांगितलं: "अरे, मी क्लच दाबला ना." तीस वर्षांची सवय. पिकअपमध्ये रिव्हर्स घेताना हाफ क्लचवर गाडी खेळवायची आणि काही झालं की डावा पाय खाली दाबायचा, गाडीचं ओढणं बंद. इथे डावा पाय जोरात दाबला गेला तो नुसत्या मॅटवर, आणि त्या गडबडीत उजवा पाय ब्रेकवरून उचलला गेला. ऑटोमॅटिक गाडी डी (पुढे जायचा) किंवा आर (रिव्हर्स) मध्ये असताना ब्रेक सोडला की ॲक्सिलरेटर न देताही आपोआप सरकते, तिची रचनाच तशी आहे. रस्त्यावर पुढे जाताना मामांना हे जाणवलंच नाही, कारण तिथे सरकणं सोयीचंच वाटतं.

मग चूक नेमकी कुठे होती

पहिली गोष्ट गाडीच्या नाकाची. गाडी वळते ती पुढच्या चाकांनी, मागची चाकं आपली सरळच असतात. त्यामुळे रिव्हर्समध्ये डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की मागची बाजू डावीकडे आत जाते आणि पुढचा उजवा कोपरा बाहेर फेकला जातो. जितकं जास्त फिरवाल तितका जास्त. उलट डाव्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला, मागचं चाक सगळ्यात जवळून जातं. साधारण दोन मीटर साठ सेंटिमीटर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, असलेल्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तर आतलं मागचं चाक आतल्या पुढच्या चाकापेक्षा जवळजवळ एक मीटर आतून जातं, एक मीटर म्हणजे किती ते पार्किंगमध्ये उभं राहून हातांनी दाखवून बघा. म्हणून पिलर लागतो तो कायम मागच्या दरवाज्याला किंवा त्याच्या मागच्या पत्र्याला. आमच्या बिल्डिंगमधल्या गाड्यांचे ओरखडे बघितले तर बहुतेक तिथेच सापडतील.

हे मामांना माहीत नव्हतं का? होतं, अंगात होतं. पण ते पिकअपचं. पिकअपचं बोनेट सीटवरून समोर दिसतं, कोपरा कुठे संपतो ते कळतं. या नव्या गाड्यांचं बोनेट पुढे उतरतं, त्याचा कोपरा सीटवरून दिसतच नाही, अंदाजच घ्यावा लागतो, आणि तो अंदाज त्या गाडीवर काही दिवस घालवल्याशिवाय येत नाही. शिवाय मामांची गाडी लागते शेतातल्या खळ्यावर, जिथे चार गाड्या आडव्या उभ्या राहतील. वाशीला दोन ट्रकच्या मधे गाडी घातली हे शंभर टक्के खरं असेल, पण तिथे समोर ट्रक फिरेल एवढी मोकळी जागा असते, पावणेचार मीटरवर भिंत नसते. घाट उतरताना लागतो तो धीर, वेगाचा अंदाज, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं. पार्किंगमध्ये चालण्यापेक्षाही कमी वेगात सेंटिमीटरचा हिशोब लागतो. एकातला हात दुसऱ्यात जसाच्या तसा चालत नाही, आणि आपण मात्र दोन्हीला मिळून एकच शब्द वापरतो, "ड्रायव्हिंग चांगलं आहे".

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, या गाडीला कॅमेराही होता. पण हे सेन्सर मागच्या बंपरमध्ये बसवलेले असतात आणि बघतात मागे. स्कूटर होती पुढे उजवीकडे, पिलर होता बाजूला. दोन्ही ठिकाणी सेन्सरला काही कळायचं कारणच नव्हतं, त्यामुळे बीप वाजला नाही आणि मामांनी बीप न वाजणं म्हणजे सगळं मोकळं असं धरलं. कॅमेऱ्याचंही तेच, मागचा बंपर पिलर ओलांडून आत गेला की पिलर स्क्रीनवरून जातो, आणि स्क्रीनवरून गेला म्हणजे संपला असं वाटतं, खरं तर त्याच्यापासूनचा धोका तेव्हा सुरू होतो. स्क्रीनवर डोळे खिळवून रिव्हर्स घेणारे मी रोज बघतो, तरुण पोरंही तशीच घेतात.

आणि तिसरी, आत्मविश्वासाची. ओला स्वेन्सन या संशोधकाने १९८१ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या लोकांना विचारलं होतं की बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही किती कुशल ड्रायव्हर आहात, तर अमेरिकन गटातल्या ९३ टक्के आणि स्वीडिश गटातल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. हिशोबाने निम्मेच लोक वरच्या निम्म्यात असू शकतात. तेव्हा मामा काही वेगळे निघाले असं नाही. त्यांचा फक्त अनुभव खरा होता, म्हणून त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नाही, भाच्याची तर नाहीच, मामांसमोर तो काय बोलणार. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी मालकाने, वयाने कितीही लहान असला तरी, "मामा, एकदा उतरून बघून या" एवढं म्हणायला हवं, आणि म्हटलं तर ऐकणाऱ्यानेही ते मानावर घेऊ नये.

भांडण आणि ते कसं मिटलं

सुरुवातीला मामांचं म्हणणं एकच, स्कूटर चुकीच्या जागी लावली होती. हे अर्धं खरं आहे. टू व्हीलरची ठरलेली जागा मागे बोअरवेलच्या बाजूला आहे, पॅसेज नाही, आणि ते कुणी पाळत नाही ही सोसायटीची ढिलाई, ती मी मीटिंगमध्ये मान्य करून घेतली. पण उभी स्कूटर अंगावर चालून येत नाही. ती दिसत होती, वॉचमनकाका बघायला तयार होते, वेळेची घाई नव्हती. त्यामुळे भरपाईच्या बाबतीत मी मामांच्या बाजूने बोललो नाही.

ताई सुरुवातीला पैशाबद्दल काही बोललीच नव्हती. तिने फुटेज मागितलं आणि १:४२ च्या आधीचं लावायला सांगितलं. १:३६ ला त्याच स्कूटरच्या फूटबोर्डवर पहिल्या मजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा बसलेला दिसतो, मांडीवर आपट्याची पानं, एक एक मोजतोय. त्याच्या आईने श्रीखंड-पुरी वाढलीय म्हणून हाक मारली आणि तो उठून गेला. ताईने तो भाग दोनदा मागे घ्यायला लावला. मामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यानंतर स्कूटर कुठे लावली होती हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी सोनं द्यायला म्हणून ते स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले आणि म्हणाले, "ताई, माझं चुकलं, उद्यापासून तुमची स्कूटर दुरुस्त होईपर्यंत आमच्या सुनेची स्कूटी घेऊन जा." सातची ड्यूटी तशी निभावली.

खर्च आणि इन्शुरन्स

हा भाग लोक घाईत चुकवतात म्हणून नीट सांगतो. ताईंच्या स्कूटरचा साइड पॅनल फुटला, आरसा आणि इंडिकेटर गेला, हँडल किंचित वाकडं: ३,८५० रुपये. बाईकचा आरसा आणि क्लच लिव्हर: ६५०. गाडीचं एस्टिमेट १८,४००, त्यात दरवाज्याचं डेंटिंग-पेंटिंग, मागच्या पत्र्याचा टचअप आणि पुढच्या बंपरचा कोपरा.

ताईंच्या स्कूटरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा होता, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा (ओडी) पहिल्या वर्षानंतर रिन्यूच केलेला नव्हता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू व्हीलरला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे कागदावर पाच वर्षं दिसतात आणि माणूस गाफील राहतो. तुमच्याही कागदावर असं दिसत असेल तर आजच पॉलिसी काढून बघा. भाच्याच्या गाडीच्या थर्ड पार्टीतून भरपाई मागता येते, मालमत्तेच्या नुकसानीसाठी मर्यादा साडेसात लाखांची आहे, पण त्याला पोलिसात नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, साडेचार हजारांसाठी कोण करणार. मामांनी दोन्ही टू व्हीलरचे पैसे खिशातून दिले.

गाडीच्या क्लेमच्या वेळी एका शेजाऱ्याने सुचवलं की ड्रायव्हर म्हणून भाच्याचं नाव टाका, म्हणजे प्रश्न नको. हे अजिबात करू नका. लायसन्स व्हॅलिड असलेला कुणीही मालकाच्या परवानगीने चालवत असेल तर क्लेम बसतो, मामांचं लायसन्स चालू होतं, खोटं लिहायचं कारणच नव्हतं, आणि खोटं सापडलं तर सगळाच क्लेम जातो. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न विचारला, पुढचं उजवं आणि मागचं डावं एकाच वेळी कसं लागलं? दोन वेगळ्या घटना असतील तर दोन क्लेम. फुटेज दाखवलं, विषय संपला.

झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर, असल्यामुळे हजार रुपये सक्तीचे वजा होऊन बाकी १७,४०० कंपनीकडून. झिरो डेप नसतं तर प्लास्टिकच्या बंपरला निम्मेच मिळाले असते, दरवाज्याच्या पत्र्याला मात्र गाडी सहा महिन्यांच्या आतली असल्यामुळे कट लागला नसता. भाच्याला काळजी नो क्लेम बोनसची होती, म्हणजे क्लेम न घेतल्यास पुढच्या वर्षीच्या ओडी प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीची. तो चढतो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा. आत्ता क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य आणि मग प्रत्येक पायरी एक वर्ष उशिरा, म्हणजे २० अधिक ५ अधिक १० अधिक १० अधिक ५, एकूण तोटा एका वर्षाच्या ओडी प्रीमियमच्या निम्मा. त्याचा तो प्रीमियम १२ हजार धरला तर सहा हजार, तेही पाच वर्षांत विभागून. सतरा हजारांसमोर क्लेम घेणंच बरोबर होतं. नुकसान पाच-सहा हजारांचं असतं तर मी घेऊ नको म्हटलं असतं.

नंतर

मामांनी एक काम फार चांगलं केलं. टेप आणून स्लॉट, पॅसेज, पिलरचं अंतर सगळं मोजलं, कागदावर उतरवलं आणि निफाडला खळ्यावर द्राक्षांचे रिकामे क्रेट रचून हुबेहूब तसंच पार्किंग मांडलं. पुढच्या रविवारी भाच्याला गाडी घेऊन बोलावलं आणि दोघांनी दिवसभर तेच केलं. त्यातून जे निघालं ते त्यांनी मला फोन करून सांगितलं: पाच मीटर मोकळे असतील तर ही गाडी एका कटमध्ये बसते, पावणेचारमध्ये कुणीही चालवा, बसत नाही. अर्ध्यात थांबून स्टिअरिंग उलटं करून पुढे घ्यायची आणि परत मागे, असं करावंच लागतं. आणि डावा पाय मागे सीटखाली ओढून ठेवायचा, म्हणजे क्लच शोधायला जात नाही.

आमच्याकडे पिलरच्या कडांना रबरचे गार्ड लावले, वळणावर गोल आरसा बसवला, टू व्हीलर बोअरवेलकडे हलवल्या. मामा दिवाळीत आले तेव्हा गाडी त्यांनीच आत लावली, आधी वॉचमनकाकांना हाक मारून. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हे मात्र अजून ठरलेलं नाहीये, गल्लीत दोन्ही बाजूंना आधीच रांग असते, तो विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय.